मुलांच्या कलाने, पालकांच्या घामाने

आमच्या बालवाडीची फरशी पुसणाऱ्यांमध्ये एक हृदयरोगतज्ज्ञ आहे, चिपा डिझाइन करणारे दोन पीएचडी आहेत आणि पेटंटचे खटले लढवणारी एक वकीलबाई आहे. तिचा तासाचा दर कळला तेव्हा माझ्या हातातला मॉप गळून पडला होता. यातलं कुणीही फरशी पुसण्याचे पैसे घेत नाही. आम्ही ते देतो. दरमहा, आगाऊ. एखाद्या आठवड्यात पुसायला आलो नाही, तर वर दंड भरतो.

कॅलिफोर्नियात या प्रकाराला 'को-ऑप प्रीस्कूल' म्हणतात. पालकांनी चालवलेली सहकारी बालवाडी. पगारी शिक्षिका एकच, बाकी सगळे हात पालकांचे. आठवड्यातली एक सकाळ शाळेत राबायचं, त्याचं नाव 'वर्क डे'. उरलेले चार दिवस आपण ऑफिसात जे काही करतो, त्याला शाळेच्या दृष्टीनं नाव नाही. शिवाय महिन्यातून एक रात्र सभा, आणि वर्षभर एक तरी समिती.

बायकोनं शाळेचं नाव काढलं तेव्हा मी 'सहकारी' म्हटल्यावरच भाळलो. नगर जिल्ह्यातला माणूस मी. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५०च्या सुमारास प्रवरेकाठी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून आमच्याकडे जन्मलेलं मूल कशाचं ना कशाचं सभासद होतंच. सहकारात काय करायचं असतं हे मला उपजत ठाऊक होतं. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला जायचं, मागच्या रांगेत बसायचं, 'मंजूर, मंजूर' म्हणून ओरडायचं आणि जेवून घरी यायचं. पण कारखान्याचा सभासद नुसता ऊस घालतो. इथं ऊस आपण घालायचा, चरक आपण फिरवायचा, चिपाडं आपण झाडायची, आणि शेवटी साखर आरोग्याला वाईट म्हणून ती शाळेत आणायला बंदी!

या शाळांची परंपरा शिकागोपर्यंत नेतात. तिथल्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बायकांनी १९१६ साली एकत्र येऊन अशी शाळा काढली. हेतू तीन होते. मुलांना सवंगडी मिळावेत, आयांना बालसंगोपनाचं शिक्षण मिळावं आणि रेड क्रॉसच्या कामासाठी थोडा मोकळा वेळ मिळावा. पहिले दोन हेतू साध्य झाले. मोकळ्या वेळाचं काय झालं, हे शंभर वर्षांत कुणाला कळलेलं नाही. ते शोधायला एक समिती नेमावी असं मी सुचवणार होतो, पण तिच्यावर मलाच घेतील म्हणून गप्प बसलो.

प्रवेशाच्या वेळी चिरंजीवांना कुणी काही विचारलं नाही. परीक्षा माझी झाली. शाळेत राबणाऱ्या पालकाला क्षयरोग नाही, हे सिद्ध करावं लागतं. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला सुई टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथे फुगलं का ते पट्टीनं मोजतात. आता लहानपणी बीसीजीची लस टोचलेल्या माणसाचा हात या चाचणीला कधीकधी उगाच फुगून दाखवतो. माझा फुगला. नर्सबाई माझ्यापासून हातभर मागे सरकल्या. मी शर्टाची बाही वर करून दंडावरचा तो जुना वण दाखवला, आमच्याकडे हा सगळ्यांनाच असतो म्हणून सांगितलं. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि छातीचा एक्स-रे लिहून दिला. पुढे गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशीचा पुरावा. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला माझ्या गोवराच्या लशीचा कागद चाळिशीत शोधायचा! शेवटी सगळ्या लशी नव्यानं टोचून घेतल्या. बालवाडीत जायचं म्हणून हातावर पट्टी लावून रडवेला झालेला आमच्या घरात मी एकटाच होतो.

मग प्रशिक्षण. त्यात काय करायचं ते फारसं नव्हतं, काय करायचं नाही ते पुष्कळ होतं. मुलाच्या चित्रात आपण रेघ ओढायची नाही. 'हे काय काढलंस?' विचारायचं नाही. भांडणात पडायचं नाही. जे मूल स्वतः झाडावर चढू शकत नाही, त्याला उचलून चढवायचं नाही. आणि कौतुक तर मुळीच करायचं नाही.

"'शाब्बास' म्हटलं की मूल शाबासकीसाठी काम करायला लागतं," टीचर म्हणाल्या.

"मग काय म्हणायचं?"

"जे दिसतं तेवढंच बोला."

हे मला जमण्यासारखं होतं. रेडिओवर क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकत मी वाढलो आहे. पहिल्याच वर्क डेला वाळूच्या हौदापाशी उभा राहिलो आणि सुरू केलं. "निळी टोपी बादली घेऊन झाडाच्या बाजूनं येते आहे... लाल फ्रॉक खोरं सरसावून सावध उभा... बादली वर उचललेली... बादली हवेत... आणि..." आणि वाळू माझ्या कॉलरमध्ये. निळी टोपी माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "तू फार बोलतोस." टीचरनी ते लगेच वहीत टिपून घेतलं. भावना शब्दांत मांडल्याबद्दल. माझ्या भावना मी शॉवरखाली मांडल्या.

इथं अभ्यासक्रम ठरवतात मुलं. ज्यात त्यांना रस वाटेल, तोच विषय. अभ्यासक्रम समितीनं खपून 'बीज' हा विषय निवडला होता. माझ्याकडे कुंड्या आणि माती आणायचं काम होतं. कुंड्या ओळीनं मांडल्या, टीचरनी हातात वालाचा दाणा धरला, आणि नेमका त्याच क्षणी रस्त्यावरून कचऱ्याचा ट्रक आला. सगळी मुलं कुंपणाला चिकटली. वाल बाजूला पडला.

"मुलांनी दिशा दाखवली!" टीचर हर्षभरित.

ती दिशा आम्ही पालकांनी आठवडाभर पाळली. एका मेकॅनिकल इंजिनिअर बापानं पुठ्ठ्याचा ट्रक बांधला. त्याचा डबा उचलणारा हात सिरिंजमधल्या पाण्याच्या दाबावर चालायचा. रंग वाळेपर्यंत मुलांनी हात लावायचा नाही असं ठरलं. रंग वाळला त्या दिवशी मुलांना कुंपणावर गोगलगाय सापडली. ट्रकमध्ये आता तो बापच अधूनमधून बसलेला असतो. भिंतीवर मात्र 'कचरा : एक प्रवास' असा मोठा फलक लागला, फोटो आणि मुलांच्या उद्गारांसकट. एका मुलानं संपूर्ण प्रवासात 'वास!' एवढंच म्हटलं होतं. त्याखाली त्याच्या आईनं लिहिलेलं विवेचन वाचायला खाली बसावं लागतं.

खाऊची पाळी आली तेव्हा मी पोहे करायचे ठरवले. नियम वाचले. शेंगदाणे नाहीत, कारण काही मुलांना त्याची ॲलर्जी. सुकामेवा नाही. खोबरंही नाही, कारण अमेरिकेच्या अन्न खात्यानं नारळाला कित्येक वर्षं सुकामेव्यात धरलं होतं आणि आमच्या यादीत तो अजून तिथंच होता. साखरेची चिमूट नाही. मिरची अर्थातच नाही. शेंगदाणे गेले, खोबरं गेलं, मिरची गेली. उरले पिवळे पोहे आणि मी. मुलांनी ते आपल्या हातानं वाढून घ्यायचे होते. त्यांनी वाढून घेतले, बोटांनी चाचपले आणि सरळ पाण्याच्या टेबलात नेऊन ओतले. पोहे फुगले. मुलं आनंदानं किंचाळली. 'कोरडी वस्तू पाणी शोषते', हा शोध त्या दिवशी आमच्या शाळेत स्वतंत्रपणे लागला, आणि टेबलाचं तुंबलेलं भोक काडीनं मोकळं करण्याचा मान खाऊच्या पालकाकडे, म्हणजे माझ्याकडे आला.

पैशाचं म्हणाल तर शाळा कायम तोट्यात. निधी समितीच्या बैठकीत टीचर नेहमी इटलीतल्या रेज्जो एमिलियाचं उदाहरण देतात. तिथे जवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यातल्या लोकांनी महायुद्ध संपताच, १९४५ साली, जर्मन सैन्यानं मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून मुलांची शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुझ्झी नावाचा तरुण मास्तर सायकलवरून ते बघायला गेला, आणि त्यातून पुढे जगभर गाजलेली शिक्षणपद्धती उभी राहिली. ऐकून आम्ही भारावतो. पण आमच्या भागात रणगाडा टाकून कुणी गेलेलं नाही. म्हणून आम्ही केक विकतो. केक आम्हीच करतो, आम्हीच विकतो, आणि दुसरं कुणी फिरकत नसल्यामुळे आम्हीच विकत घेतो. माझा केक एकदा फिरून मलाच मिळाला. पाच डॉलर जास्त देऊन.

सभा हा स्वतंत्र विषय आहे. हेन्री रॉबर्ट नावाचा एक अमेरिकन लष्करी इंजिनिअर एका चर्चमधल्या सभेचा अध्यक्ष झाला, सभा हाताबाहेर गेली, आणि त्या धसक्यानं त्यानं पुढे सभेच्या नियमांचं पुस्तकच लिहिलं. १८७६ साली निघालेल्या त्या नियमांनी आमची सभा चालते. वाळूच्या हौदात पाणी असावं की नसावं, हा आमच्या वर्षातला सगळ्यात मोठा प्रश्न. असावं म्हणणारे सर्जनशीलतेवर बोलले. नसावं म्हणणारे सगळे धुण्याच्या समितीवर होते. मग उपसूचना आली : पाणी असावं, पण बादलीनं. बादली चालेल, पण लहान. लहान म्हणजे किती? वकीलबाईंनी 'लहान'ची व्याख्या मागितली. हृदयरोगतज्ज्ञांचा पेजर वाजला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती त्यांच्या रोग्यांच्याही चेहऱ्यावर कधी दिसली नसेल. कुणीतरी 'विषय पुढच्या सभेवर ढकलावा' असं म्हणालं. मी सवयीनं 'मंजूर, मंजूर' ओरडलो. तो पुढच्या सभेवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या. दरम्यान मुलांनी नळ शोधून काढला होता.

अशात आई भारतातून आली. आईनं उभी हयात बालवाडीत काढली आहे, आणि तिचं प्रशिक्षण कोसबाडचं, ताराबाई मोडकांच्या बालशिक्षण संस्थेतलं. तिची कागदपत्रं, सुई, एक्स-रे सगळं यथासांग पार पडलं आणि ती माझ्याबरोबर वर्क डेला आली. टीचरनी तिला मूल स्वतःहून कसं शिकतं ते हळूहळू, सोप्या शब्दांत, हातवारे करत समजावलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "यांना सांग, ताराबाई गिजुभाईंच्या बालमंदिरात भावनगरला १९२३ साली गेल्या, त्या हेच करायला."

मी सांगितलं. बोर्डीला १९४५ साली काढलेल्या बालवाडीत वारल्यांची मुलं येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात कशा घेऊन गेल्या, तेही सांगितलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांच्या मागे शाळा कुरणात गेली, हे ऐकून टीचरचे डोळे भरून आले. "म्हणजे मुलं पुढे आणि शाळा मागे!" त्या म्हणाल्या. आमच्या शाळेसमोर तेव्हा मुलांना आणणाऱ्या मोटारींची रांग सिग्नलपर्यंत गेली होती.

मग आईची नजर एका टोपलीवर गेली. पाइनची बोंडं, लाकडाच्या चकत्या, गुळगुळीत दगड.

"हे कुणी गोळा केलं?"

"विकत आणलंय, आई. कॅटलॉगमधून."

"केवढ्याला?"

मी आकडा सांगितला. आईनं मनातल्या मनात रुपये केले, खिडकीतून बाहेरच्या पाइनच्या झाडाकडे पाहिलं, खाली पडलेल्या बोंडांच्या सड्याकडे पाहिलं, आणि पदर खोचून बाहेर निघाली. येताना पाच खडे घेऊन आली आणि फरशीवर सागरगोटे खेळायला बसली. मिनिटभरात सगळा वर्ग तिच्याभोवती. भाषेची अडचण कुणालाच आली नाही. अडचण सुरक्षा समितीला आली. त्यांच्याकडे एक नळी असते, तोंडाला सव्वा इंच. तिच्यात जी वस्तू मावेल, ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते असं धरतात. आईचे खडे एकेक करून नळीत घातले गेले आणि एकेक करून जप्त झाले.

"कोसबाडला आम्ही चिंचोके द्यायचो," आई म्हणाली. मी हे भाषांतरित केलं नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या शाळेत मुलांना अक्षरं आणि आकडे शिकवत नाहीत. मुलाला हवं तेव्हा ते शिकेल. साहजिकच आमच्याकडे स्पर्धा नाही. आमच्याकडे फक्त, कुणाच्या मुलाला किती कमी येतं, यावर चढाओढ असते. शाळा सुटताना पार्किंगमध्ये ती चालते.

"आमची अजून एकही अक्षर ओळखत नाही," एक आई अभिमानानं म्हणते.

"आमच्याला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही," दुसरी मात करते.

मीही मागे राहिलो नाही. "आमचा तर तीननंतर एकदम सात म्हणतो," मी म्हणालो. सगळ्यांनी आदरानं पाहिलं.

एवढ्यात एक चिमुरडी समोरच्या पाटीकडे बोट दाखवत म्हणाली, "आई, इथे 'नो पार्किंग' लिहिलंय. आपली गाडी काढ." शांतता पसरली. तिची आई कानापर्यंत लाल झाली. "कुठून उचललं असेल... आम्ही घरी काही करून घेत नाही हं!" पोरीनं चारचौघांत शिवी दिली असती तर तिची आई एवढी ओशाळली नसती. आम्ही सगळ्यांनी 'होतं असं कधीकधी' म्हणून तिला धीर दिला.

घरी आलो तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता. "बे एके बे, बे दुणे चार..." आई कणीक तिंबत होती आणि तिच्यासमोर ओट्यावर बसून चिरंजीव पाढा म्हणत होते. तीननंतर सात नव्हे, सहानंतर बिनचूक आठ.

"आई! अगं, तू कोसबाडची ना? 'मुलांना खेळू द्या, मागे लागू नका' म्हणून पाड्यापाड्यावर आईबापांना सांगत फिरलीस ना?"

"फिरले की."

"मग?"

"ती लोकांची मुलं होती," आई म्हणाली आणि कणकेवर तेलाचा हात फिरवला. "हा आपला आहे."

मी काही बोललो नाही. चिरंजीवांना बाजूला घेऊन फक्त एवढंच बजावलं की शाळेत यातलं काही बोलायचं नाही. कुणी विचारलंच तर तीननंतर सात.

तेवढ्यानं बायकोचं समाधान झालं नाही. शेजारच्या गावात गणिताचा एक क्लास आहे, शनिवार सकाळचा. एका डोशाच्या हॉटेलला लागून. "नुसतं बघून येऊ," ती म्हणाली. शनिवारी आम्ही गेलो. गाडी मुद्दाम लांब, औषधांच्या दुकानापाशी लावली. चिरंजीवांना क्लासमध्ये बसवलं आणि बाहेर आलो, तर समोर आमच्या शाळेच्या अध्यक्षा. डोळ्यांना काळा चष्मा, डोक्यावर टोपी.

"मी... लाँड्रीत आले होते," त्या म्हणाल्या. जवळपास लाँड्री नव्हती.

"आम्ही डोसा खायला," मी म्हणालो. हॉटेल अकराला उघडतं. नऊ वाजले होते.

तेवढ्यात क्लासचं दार उघडून खजिनदार बाहेर आले, हातात मुलाची वही. पाठोपाठ सुरक्षा समिती. हृदयरोगतज्ज्ञ गाडीत मान खाली घालून बसलेले सापडले. आपल्याला तातडीचा फोन आला आहे असं भासवत होते. 'नो पार्किंग' वाचणाऱ्या पोरीची आई मात्र ताठ मानेनं आली. तिला आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे राहिले.

शेवटी वकीलबाईंनी घसा खाकरला. "सभेची गणसंख्या भरलेली दिसते," त्या म्हणाल्या.

भरली होती. वाळूच्या हौदासाठी जी सभा कधी पूर्ण भरली नव्हती, ती इथं फुटपाथवर पूर्ण भरली होती. अध्यक्षांनी काळा चष्मा काढला. कुणीतरी सूचना मांडली की दर शनिवारी एवढ्या गाड्या आणण्यापेक्षा मुलांना पाळीपाळीनं एकत्र आणावं. अनुमोदन मिळालं. इंजिनिअर बापानं वेळापत्रक जागच्या जागी फोनवर बनवलं. कुणी उपसूचना मांडली नाही, कुणी 'लहान'ची व्याख्या विचारली नाही. मी 'मंजूर, मंजूर' म्हणायच्या आत ठराव एकमतानं संमत झाला होता. सहकार म्हणजे काय, ते त्या शनिवारी मी अमेरिकेत प्रथम पाहिलं.

क्लास सुटून मुलं बाहेर आली आणि सगळीच्या सगळी डोशाच्या बंद दाराकडे धावली. त्यांचा कल अगदी स्पष्ट दिसत होता. पण घटनेप्रमाणे ती सभासद नाहीत.